दोरीवरची पुडी

नानांनी चहाला उभ्या जन्मात चहा म्हटलं नाही. ते त्याला 'पाला' म्हणत. चाळीसगाव स्टेशनाबाहेर पाल्याची दोन दुकानं होती आणि त्यांच्यावरून जाताना नाना धोतराचा सोगा नाकाला लावत, तोही दुकानदाराला दिसेल अशा बेताने. पिण्यासारखी वस्तू जगात एकच, ती म्हणजे कॉफी. तीही जायफळ घातलेली, आणि तीही दुपारी चारला. चाराच्या आधी कॉफी मागणारा माणूस त्यांच्या मते आजारी आणि चारानंतर मागणारा आळशी.

मी पार्सल ऑफिसात कारकून म्हणून चाळीसगावला बदलून आलो, ती दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. बिऱ्हाडाला जागा मिळेना. कुणीतरी सांगितलं, पाववाल्या नानांच्या भट्टीमागे एक खोली रिकामी असते, पण तिथे माणूस टिकत नाही. का टिकत नाही ते तासाभरात कळलं. खोलीची एक भिंत म्हणजे भट्टीची पाठ होती. तिला हात लावला तर फोड यावा. मी तक्रार केली, तर नाना म्हणाले, "हिवाळामा याद करशात, बाबू." आणि आत निघून गेले. त्या खोलीत मी पुढे अकरा वर्षं काढली, त्यामुळे मलाही फार शहाणा म्हणता येणार नाही.

नाना लाघवी वगैरे नव्हते. कुणी राम राम केला तर उत्तर द्यायचं की नाही हे ते त्या माणसाकडे पाहून ठरवत. घरचे चांगले शेतकरी. पण तरुणपणी भुसावळला रेल्वेच्या खानावळीत एका गोव्याच्या खानसाम्याच्या हाताखाली ते पाव भाजायला शिकले, आणि ही विद्या घेऊन घरी गेले तेव्हा बापाने त्यांच्या नावाने जिवंतपणीच अंघोळ केली. लग्न झालं नाही, कोण मुलगी देणार? गावात त्या काळी पाव खायचा तो आजाऱ्याने, तोही डॉक्टरने सांगितला म्हणून, आणि न्यायचा मागच्या दाराने.

नानकटाईची गोष्ट वेगळी होती. तिला पाणी लागत नाही, त्यामुळे तिला विटाळही नाही. सणावाराला बायका आपापल्या घरचा मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून नानांच्या ओट्यावर येत. नाना कोरड्या हाताने मळत, पत्र्यावर आपल्याकडचं चिमूटभर पीठ भुरभुरत आणि त्यावर गोळे मांडून पत्रा भट्टीत सारत. तूप चोरतील म्हणून बाई शेवटपर्यंत समोर बसून राही. आणि नाना तिला शेवटपर्यंत बोलत राहत.

नाक असं, की तूप हुंगून ते म्हैस काय खाते ते सांगत. सरकी, ढेप, कडबा, सगळं त्यांना कळे. एकदा गावातल्या एका बड्या घरची बाई नव्याने निघालेलं डब्यातलं तूप घेऊन आली. नानांनी झाकण उघडलं, परत लावलं आणि डबा तिच्याकडे सरकवून दिला.

"हाई तूपनी म्हैस देखेल बी नही," ते म्हणाले.

बाई लाल होऊन गेली. पुढे तिने गावभर उठवलं की नाना लोकांचा चांगला मैदा काढून घेतो आणि हलका घालतो. हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी एक नवीनच खूळ काढलं. कुणाचाही डबा आला, की मळण्याआधी त्यातलं चिमटीभर पीठ काढायचं, कागदाच्या पुडीत बांधायचं आणि पुडी भट्टीवरच्या दोरीला लटकवायची. कापसाचा व्यापारी वानगी ठेवतो ना, तशी. अक्षरओळख नव्हती, म्हणून पुडीवर कोळशाने खूण काढत: दारात विहीर असलेल्या घराची विहीर, बकरीवाल्यांची बकरी, एका घराला तर तिथल्या मालकाच्या नुसत्या मिशा. पंधरा दिवस पुडी दोरीवर राही. कुणी बोट दाखवलं की नाना वर बोट दाखवत. "हाई मन्ही कोर्ट शे." बायका पदर तोंडाला लावून हसत.

दुसरं खूळ मांजरांचं. तीन मांजरं होती आणि भट्टीतले उंदीर मारणं हे त्यांचं काम. प्लेगच्या वर्षांपासून त्या आळीत घरोघर उंदरांसाठी सोमल हे विष आणून पिठात कालवून ठेवायची पद्धत पडली होती. प्लेग गेला, पद्धत राहिली. एका डब्यात खायचं पीठ, दुसऱ्यात उंदरांचं. ओळखू यावं म्हणून दुसऱ्याला काहीतरी खूण. नानांना हे बिलकूल खपत नसे. भट्टी असलेल्या घरात विषाची कणी येता कामा नये, हा त्यांचा एकुलता एक धर्म होता. एकदा एक फिरता विक्रेता सोमलाच्या पुड्या घेऊन ओट्यावर चढला, तर नाना पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं घेऊन त्याच्या मागे पार स्टेशनापर्यंत धावले. मी पार्सल ऑफिसच्या खिडकीतून ते दृश्य पाहिलं आणि पोट धरून हसलो. पुढे मला ते हसणं फार महागात पडलं, कारण ते मी विसरू शकलो नाही.

आमच्या आळीच्या टोकाला एक अक्का राहत. नवरा प्लेगात गेलेला, दारात निंबाचं मोठं झाड, आणि एकच मुलगी, ती बोदवडला दिलेली. सासरच्यांनी तीन वर्षं तिला माहेरी धाडली नव्हती. आखाजी म्हणजे आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. त्या दिवशी लेक माहेरी नाही म्हणजे घरात सुतकच. तीन आखाज्या अक्कांनी झाडाला झोका बांधला आणि रिकामाच सोडला. चौथ्या वर्षी पोर आली. आठ दिवस आधीच आली.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी अक्का डबा घेऊन भट्टीवर आल्या. लेकीबरोबर सासरी द्यायला नानकटाई करायची होती. त्या दिवशी नानांनी त्यांना एका शब्दाने टोचलं नाही. तुपाला 'चांगलं शे' म्हणाले. पुडी बांधली, तिच्यावर निंबाचं पान काढलं आणि दोरीला लावली. जाताना अक्कांच्या हातात त्यांनी कॉफीच्या भुकटीची एक पुडी ठेवली. "पोरले पाज. चार वाजता." नानांनी कुणाला काही फुकट दिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आखाजीच्या दिवशी पोरीने झोक्यावर बसून कॉफी प्यायली आणि चार-पाच नानकटाया खाल्ल्या. अक्कांनी एकीला हात लावला नाही. सासरी न्यायच्या म्हणून त्या मोजून ठेवल्या होत्या. लेकीने खाल्ल्या तेवढ्या कमी झाल्या, आपण आणखी कशाला खायच्या, हा आईचा हिशेब. संध्याकाळपासून पोरीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

सगळ्यांना वाटलं, पटकी. उन्हाळ्यात असं होतंच. पण तिसऱ्या दिवशी अक्कांच्या शेजारणीने उरलेल्या नानकटाया उकिरड्यावर टाकल्या, आणि त्या खाणारं कुत्रं तिथेच तडफडून मेलं. तासाभरात आळीत एकच गोष्ट झाली: नानांच्या भट्टीत विष होतं. ओट्यावर येणाऱ्या बायका पलीकडच्या बोळाने जाऊ लागल्या. बोदवडहून जावयाचे भाऊ आले आणि त्यांनी फौजदाराला अर्ज दिला. फौजदार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार, असा निरोप आला.

मी घाबरलो होतो. नाना नाही. ते स्टुलावर चढले आणि निंबाच्या पानाची पुडी बोटाने हलवून पाहिली.

"बाबू, मन्हा हात लागाना आधी काढेल पीठ शे हाई. डॉक्टरले देसू. तो सांगी, जहर कोठून उनं ते."

मग त्यांनी भांडं भट्टीवर ठेवलं. चार वाजत आले होते. मला वाटलं, नेहमीची कॉफी. पण त्यांनी ती किटलीत ओतली आणि पंचा खांद्यावर टाकला. अक्कांच्या घरी तीन दिवस चूल पेटलेली नव्हती. "चाला," ते म्हणाले. त्यांची कॉफी घराबाहेर गेलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

अक्का मधल्या घरात भिंतीशी बसल्या होत्या. सोबतीची बाई आम्हाला पाहताच उठून बाहेर गेली. समोर फळीवर डब्यांची रांग होती, इतकी लखलखीत की नजर तिकडेच जावी. नाना तिकडे पाहताहेत हे अक्कांच्या लक्षात आलं.

"पोरनी घासात," त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "उनी, तोच पदर खोचीसन बठ्ठा डबा राखवरी घासी टाकात. म्हने, माय, कितलं काळं करी ठेवेल शे तुनी. एक डबाले लाल चिंधी बांधेल व्हती, कयकट. ती बी सोडीसन फेकी दिन्ही. मी कय, राहू दे वं. तर हासाले लागनी."

एवढं बोलून त्या थांबल्या. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी फळीवरची नजर झटकन काढून घेतली. मलाही समजलं, पण त्यांच्या मागून समजलं. लाल चिंधीचा डबा म्हणजे उंदरांच्या पिठाचा. खूण गेली, आणि अक्कांनी दोन सारख्या डब्यांतला एक उचलून भट्टीवर आणला होता.

अक्कांना ते अजून समजलं नव्हतं. पण त्या त्याच्या अगदी दाराशी येऊन उभ्या होत्या. कपाळाला आठी घालून त्या फळीकडे बघत होत्या. मग त्यांनी नानांकडे मान वळवली.

"नाना, लोके काय काय बोलतस. तुम्ही खरं सांगा. मन्हा हातथीन तर काही व्हयनं नही ना?"

नाना खाली बसले. किटली त्यांनी जमिनीवर ठेवली.

"तुन्हा हातमा काही नव्हतं, अक्का. मन्हा हातमा व्हतं. पत्रावर टाकाना मन्हा पीठमा उंदीरनं औषध व्हतं. मन्ही चूक व्हयनी."

अक्कांनी किटली उचलली आणि नानांच्या अंगावर फेकली. कॉफी अजून कढत होती. मानेपासून खांद्यापर्यंत भाजलं. नानांनी ते पंच्याने पुसलंही नाही. अक्कांच्या तोंडून तीन दिवसांत पहिल्यांदा रडणं फुटलं, आणि बाहेरच्या बायका आत धावल्या.

घरी येऊन नाना सरळ स्टुलावर चढले. निंबाच्या पानाची पुडी दोरीवरून काढून त्यांनी भट्टीतल्या निखाऱ्यांवर टाकली. कागद पेटला आणि लसणाचा वास आला. त्या भट्टीत लसूण कधीच जात नसे. नानांनी तो वास नाकात ओढून घेतला, मान हलवली आणि दोरीवरच्या बाकीच्या सगळ्या पुड्याही एकेक करून आगीत टाकल्या. त्या पुड्यांना तसा वास आला नाही. सोमल जळताना लसणासारखा वास सुटतो, हे मला पुढे रेल्वेच्या डॉक्टरने बोलता बोलता सांगितलं. माझ्यापुरता खटल्याचा निकाल मात्र त्या दुपारीच लागला होता.

बाहेर लागलेला निकाल वेगळा होता. नानांनी फौजदाराला तेच सांगितलं जे अक्कांना सांगितलं होतं. शेवटच्या पत्र्याला चांगलं पीठ संपलं, घाईत उंदरांच्या डब्यात हात गेला, वगैरे. पाव भाजणाऱ्या माणसाविषयी हे ऐकायला लोक तयारच बसले होते. तीन मांजरं फौजदाराच्या पायांत घोटाळत होती. जिथे इतकी मांजरं तिथे उंदरांचं औषध कशाला, हे कुणी विचारलं नाही. मला विचारलं, तुम्हाला काही ठाऊक आहे? नाना माझ्याकडे पाहत होते. मी नाही म्हणालो. ते नानांच्या शब्दाखातर म्हणालो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे कोर्टकचेरीची मला भीती वाटत होती, रेल्वेची नोकरी होती.

नाना धुळ्याच्या तुरुंगात आठ महिने होते. मांजरांना दूध मी घालत असे. परत आले तेव्हा दात पडले होते आणि मानेवरचा डाग काळा झाला होता. भट्टी त्यांनी पुन्हा पेटवली नाही. पेटवली असती तरी कोण येणार होतं? हिवाळ्यात माझी भिंत गार पडली आणि मला त्यांचे शब्द आठवले. स्टेशनातल्या एका मद्राशी ड्रायव्हरला आणि दोन-चार साहेबांच्या घरी कॉफीच्या बिया चुलीवर भाजून देऊन ते पोट भरत. चारला माझी कॉफी मात्र चुकली नाही.

आणि आखाजीला अक्का येत. पहिल्या वर्षी त्या आल्या तेव्हा मला वाटलं, आता दगड फेकतील. त्यांनी दगड फेकला नाही. ओट्यासमोर उभ्या राहून त्या बोलू लागल्या. नाना आतून धुतलेली टोपी घालून बाहेर आले आणि मान खाली घालून उभे राहिले. अक्का शिव्या देत, शाप देत, थुंकत. आणि मधूनच, मन्ही पोर चिचा खाईसन दात आंबाडी ले, मन्ही पोर पावसाळामा जन्मनी, मन्ही पोरले अंधारानी भीती वाटे, तिले तू कोठे धाडं रे, असं काय काय सांगत. पाऊण तास, तासभर. मग पदराने तोंड पुसून निघून जात. दर वर्षी. नाना दर वर्षी टोपी आदल्या दिवशी धुऊन ठेवत.

एका वर्षी मला राहवलं नाही. अक्का गेल्यावर मी म्हणालो, "नाना, पुरे झालं हे. मी जाऊन सांगतो त्यांना."

नाना माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"मन्हावर थुकीसन ती जगी जाई, बाबू. सोतावर थुकीसन कशी जगी?"

लढाईच्या शेवटच्या वर्षी, थंडीत, नाना गेले. अंगात ताप होता, खोकला होता. दवाखान्यात यायला तयार झाले नाहीत. त्यांना पोचवायला आम्ही चौघे होतो, त्यातले दोघे माझ्या ऑफिसातले हमाल. आळीतलं एकही माणूस आलं नाही. ओट्यावर कुणीतरी शेण टाकून गेलं होतं.

ते शेण पाहून माझं डोकं फिरलं. दहावं झालं त्या दिवशी मी तडक अक्कांच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो: चिंधी, पुडी, लसणाचा वास, मांजरं. माणूस मेला तरी त्याचं नाव नको का धुवायला?

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. निंबावर झोक्याच्या दोरीचा एक तुकडा अजून लटकत होता, फांदीत रुतून गेलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"गया ना तो?" त्यांनी विचारलं.

"गेले. अक्का, मी तुम्हाला एक सांगायला आलोय."

पण त्या ऐकत नव्हत्या. त्या झाडाकडे पाहत होत्या.

"बोदवडवालानी दुसरी बायको करी. आळीमा मन्ही पोरनं नाव कोनी काढत नही. मी काढं, तर उठीसन जातस. तो एक व्हता, बठ्ठं ऐकी ले." मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली. "आते मी पोरनं नाव कोनाजोडे काढू, बाबू?"

मी तसाच घरी आलो. काही सांगितलं नाही.

पुढची आखाजी आली. घर अजून माझ्याकडेच होतं, पुढचा दरवाजा मी बंद ठेवत असे. दुपारी खिडकीतून पाहिलं तर अक्का ओट्यासमोर उभ्या होत्या. पाय सवयीने घेऊन आले असावेत. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, ओठ हलवले, पण शब्द आला नाही. काठी टेकत त्या परत वळल्या.

मी दार उघडून बाहेर आलो. डोक्यावरची टोपी नीट केली.

"अक्का," मी म्हणालो, "नानकटाया भाजल्या त्या दिवशी मी इथेच होतो. मला सगळं ठाऊक होतं, आणि फौजदारापुढे मी तोंड उघडलं नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्या माझ्या पायांशी थुंकल्या आणि बोलू लागल्या. मी मान खाली घातली आणि त्यांच्या पोरीचं नाव ऐकत उभा राहिलो.